आदल्या दिवशीची चाचणी

४ जुलै

प्रिय भाऊजी,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. कामावर तुम्ही फोन उचलत नाही, आणि घरी केला की तुमचे दादा तो स्पीकरवर टाकून भांडी घासत बसतात आणि आपलं बोलणं नळाच्या आवाजासकट अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. म्हणून हे पत्र थेट तुमच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर. उत्तरही पत्रानेच द्या. दिरानं वहिनीला चार ओळी लिहिल्या तर बोटं झिजत नाहीत.

हे विद्यापीठ म्हणजे अजब प्रकरण आहे. कॉलेजातली पोरं इथे औषधालासुद्धा नाहीत. पदवी हवी, वर पंधरा वर्षं नोकरी हवी, तेव्हा कुठे आत घेतात. त्यामुळे वर्गात सगळे चष्मेवाले. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात छत्र्या दोन आणि चष्मे एकोणीस, मी मोजले. माझ्या डाव्या हाताला एक दातांचे डॉक्टर बसतात, उजव्या हाताला सुईण. मागे अग्निशमन दलातल्या अधिकारी बाई आहेत, त्या गणवेशातच येतात आणि दाराजवळची खुर्ची कोणाला देत नाहीत. ज्यांच्या कामावर दुसऱ्यांचे जीव अवलंबून असतात अशांचा हा वर्षभराचा अभ्यासक्रम. खात्यानं मला धाडलंय, परत आले की मुख्य लिफ्ट तपासनीस. पण एकावन्नाव्या वर्षी मला बाकावर बसवत नाही हो. बावीस वर्षं उभ्यानं काम केलेलं. तासभर पाय हलत राहतो, शेवटी सुईणबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आल्या आल्या वसतिगृहाच्या लिफ्टमधलं प्रमाणपत्र वाचलं. मुदत संपून तीन आठवडे! पेटी उचलून जिन्यानं वर गेले आणि तशीच खाली येऊन व्यवस्थापकांना गाठलं. पहिल्याच दिवशी मी नकोशी झाले आहे.

त्यावरून आठवलं. दादा सांगत होते, तुम्ही त्या डोळ्यांच्या दवाखान्यात अजूनही सात मजले जिन्यानं चढता. लिफ्टचे मेकॅनिक तुम्ही, आणि चढता जिना! लोकांनी काय समजायचं?

तुमची,
वहिनी


११ जुलै

वहिनी,

साष्टांग दंडवत घालणार होतो, पण अंगावर ग्रीस आहे.

पत्र लिहिण्याचा माझा वकूब शून्य. शाळेत निबंधाला ‘बरा’ असा शेरा मिळाला होता, त्यानंतर मी पेन फक्त बिलावर वापरलं. तरी लिहितो, कारण नाही लिहिलं तर तुम्ही सुट्टीत येऊन माझा उद्धार कराल.

दादा मजेत आहेत. तुम्ही गेल्यापासून त्यांच्यातला चित्रकलेचा मास्तर पुन्हा जागा झालाय. स्वयंपाकघराचं दार निळं केलं. मग निळ्या दाराला पांढरी भिंत शोभेना म्हणून भिंत पिवळी केली. आता त्यांची नजर फ्रिजवर आहे. तुम्ही लवकर या.

दवाखान्याच्या जिन्याचं म्हणाल तर तो माझा व्यायाम आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मी चढतो. तुमच्या चष्मेवाल्यांना सांगा, दीर अजून तरुण आहे.

आमच्यासारख्यांना घेतात का हो तिथे? परवाना आहे, पदवी नाही, अक्कल मध्यम.

आपला,
भाऊजी


२४ जुलै

प्रिय भाऊजी,

परवानाधारकांसाठी वेगळे वर्ग आहेत, सहा-सहा आठवड्यांचे. अकलेची अट दिसली नाही, तेव्हा अर्ज करा.

आता कामाचं लिहिते. इथे दर गुरुवारी एक तास असतो, त्याला सगळे ‘चुकांचा तास’ म्हणतात. शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. प्रत्येकानं आपल्या कामातली एक चूक एका पानावर लिहून आणायची, जी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पानावर कारण लिहायचं नाही. काय झालं एवढंच. मग वर्ग तीन प्रश्न विचारतो आणि शेवटी बाई एकच विचारतात, “ही चूक जिवंत आहे का?” म्हणजे तिच्यामुळे आजही कोणाला इजा होऊ शकते का. चूक जिवंत असेल तर ती निस्तरेपर्यंत पान मंजूर होत नाही, आणि पान मंजूर झाल्याशिवाय पदवी नाही.

मी एका अहवालात मजल्यांची संख्या चुकले होते ते लिहून नेलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “ही चूक तुम्ही पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली आहे. खरी आणा.” भाऊजी, माझे कान तापले. वर्गातून बाहेर आले आणि त्या लांबलचक व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फेऱ्या मारल्या.

खरी एकच आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, डोळ्यांचा दवाखाना. वर्गाला समजावं म्हणून मी असं लिहिलंय: “लिफ्टच्या केबिनखाली दोन्ही बाजूंना लोखंडी जबडे असतात. दोर तुटलाच तर ते रुळांना पकडतात आणि केबिन थांबते. दोर नवे बसवले की केबिनमध्ये वाळूची पोती भरून ती सोडायची आणि जबडे पकडतात का ते बघायचं. ही चाचणी तपासनिसानं स्वतः उभं राहून बघायची असते. अकरा वर्षांपूर्वी मी ती बघितली नाही. मेकॅनिक म्हणाला, काल केली. मी कॅन्टीनमध्ये बसून सही केली.”

तुमचं नाव घातलेलं नाही, घालणारही नाही. पण दरवर्षीच्या तपासणीत पुढच्या प्रत्येकानं माझी सही बघून ‘चाचणी झालेली आहे’ असं उतरवून घेतलंय, ते डोक्यातून जात नाही. तेव्हा एवढंच कळवा: पोती किती होती, सोबत कोण होतं, केबिन किती घसरून थांबली. तुमची टिपणवही असते, मला माहीत आहे. म्हणजे बाईंनी विचारलं की मला छातीठोकपणे सांगता येईल, चूक माझी होती, पण ती केव्हाच संपली.

तुमची,
वहिनी


९ ऑगस्ट

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, माफी असावी. कामाची नुसती झुंबड आहे. बाजारातल्या इमारतीची लिफ्ट तीन दिवस तिसऱ्या मजल्यावरच रुसून बसली होती. उघडून बघतो तर दाराच्या फटीत कोणाची तरी कंगव्याची अर्धी बत्तीशी.

फ्रिज हिरवा झाला. दादांनी त्यावर एक झाड काढलंय आणि ते झाड आहे हे ते सगळ्यांना सांगतात. तब्येत चांगली आहे. गोळ्या वेळेवर घेतात, मी मोजतो. तुमची आठवण काढतात पण कबूल करत नाहीत.

तुमच्या बाई फार कडक दिसतात. एवढी मोठी मोठी माणसं जमवून त्यांच्याकडून चुका वदवून घ्यायच्या, हा कसला अभ्यास? तुमच्याकडे चुकांचा एवढा दुष्काळ पडलाय का? माझ्यासाठी मुली बघायला आला होतात ती चूक आठवा. तीच लिहा, अख्खा वर्ग हसेल.

पोत्यांचं वगैरे आता कोणाला आठवतंय. अकरा वर्षं झाली. जाऊ द्या, दुसरी एखादी शोधा.

आपला,
भाऊजी


१४ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही दुखावला आहात हे मला कळलं, कितीही कंगवे आणि फ्रिज मध्ये घातलेत तरी.

चुकलंच माझं. ज्या माणसानं माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्रीचा दिवस केला, त्याच्याकडे मी पोत्यांचा हिशेब मागितला. इथे दिवसभर एकमेकांची उलटतपासणी चालते, तीच सवय तोंडाला लागली. तुम्ही ‘केली’ म्हणालात म्हणजे केली. तुमच्या शब्दावर मी तेव्हा सही केली आणि आजही करेन. पानातली चूक माझी आहे, मी समोर उभी नव्हते, बस. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि रागावून दादांशी अबोला धरू नका, ते बिचारे झाड काढतायत.

गुरुवारी पान वाचणार आहे. तुमच्याकडून “वहिनी, जा आणि वाचा” एवढं आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुमची,
वहिनी


२२ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र आलं नाही. पान मी परवा वाचलं.

पहिला प्रश्न दातांच्या डॉक्टरांनी विचारला, तो साधा होता. दुसरा अग्निशमनच्या बाईंनी. तिसरा सुईणबाईंचा. त्या म्हणाल्या, “तो ‘काल केली’ म्हणाला. तो काल तुमचा स्वतःचा कसा गेला होता?”

मी लगेच सांगायला लागले. सांगताना मला अभिमान वाटत होता, भाऊजी. म्हटलं, तो दिवस कसा विसरेन, त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी आठपासून संध्याकाळी सातला डॉक्टर बाहेर येईपर्यंत आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर होतो. तो बाक हलत होता म्हणून माझ्या दिरानं त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. दिवसभर माझा दीर माझ्या शेजारून उठला नाही, चहालासुद्धा...

तिथे माझी जीभ थांबली.

बाईंनी पान माझ्याकडे परत सरकवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, “जिवंत आहे.” बाहेर येऊन मी तुम्हाला सहा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. मग दवाखान्याला केला. म्हटलं, लिफ्ट ताबडतोब बंद करा. कोण बोलतंय विचारलं तर नाव आणि पद दोन्ही सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, “अहो, ती तर मंगळवारपासून बंदच आहे. मेकॅनिकनी स्वतः पाटी लावली आणि कारण न सांगता गेले.”

म्हणजे माझं माफीचं पत्र मिळालं त्या दिवशी. पाटी लावलीत, मला एक ओळ लिहिली नाहीत.

सगळं लिहा. सारवासारव नको.

वहिनी


२७ ऑगस्ट

वहिनी,

चाचणी केली नव्हती. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पोती आणून ठेवली होती, चौदा. त्याच सकाळी दादांना न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी अंघोळही न करता दवाखान्यात गेलो. आठवडाभर लिफ्ट बंद, पट्टी बांधलेल्या पेशंटना लोक खुर्चीत बसवून खाली आणत होते, सगळे माझ्या नावानं खडे फोडत होते. तुम्हीही आलात, डोळे सुजलेले. कॅन्टीनमध्ये विचारलंत, “झाली का चाचणी?” माझ्या तोंडून निघून गेलं, “काल केली.” पुढचं तुम्हाला आठवतं का माहीत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चांगला वेळ बघितलंत. मला वाटलं आता विचारतील, तू काल कुठे होतास. तुम्ही पेन काढलंत.

नंतर महिन्याभरात गुपचूप करून टाकू असं ठरवलं होतं. पण चाचणी मागायची तर तुमच्याच खात्याला अर्ज, आणि अर्ज केला की मागची कुठे आहे हे विचारणार. तुमची सही अडकणार. माझा परवाना जाणार. महिना गेला, वर्ष गेलं. दोर मी नियमानं तपासले, मशीन जिवापाड सांभाळलं, पण त्या जबड्यांकडे बघायला केबिनखालच्या खड्ड्यात उतरण्याची हिंमत झाली नाही.

व्यायामबियाम सगळं झूट आहे. मी त्या लिफ्टमध्ये अकरा वर्षं पाय ठेवलेला नाही.

आणखी एक. गेल्या वर्षी दादांना मोतीबिंदू दाखवायला तिथे पाचव्या मजल्यावर नेलं होतं. लिफ्टला फार वेळ लागतो असं खोटं सांगून मी त्यांना जिन्यानं चढवलं. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस, प्रत्येक वळणावर भिंतीला हात टेकून थांबत होता. शेजारी लिफ्ट चालू होती. त्यातून लोक वर जात होते, पोरं, म्हाताऱ्या बाया. माझ्या भावाला मी जिन्यानं नेलं आणि त्यांना जाऊ दिलं. तेव्हापासून मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

तुम्ही माफी मागितलीत तेव्हा मात्र कडेलोट झाला. शिव्या घातल्या असत्यात तर मी आणखी दहा वर्षं काढली असती.

भाऊजी


१ सप्टेंबर

भाऊजी,

शिव्या घालते आहे, त्या इथे लिहीत नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर मोठ्यानं घातल्या, खालून माळ्यानं वर बघितलं.

मला राग आला आहे. पट्टी बांधलेली माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण तुमचं पत्र वाचताना एका ठिकाणी मी थांबले. मी तुमच्याकडे चांगला वेळ बघितलं, असं तुम्ही लिहिलंय. बघितलं होतं. मला आठवतं. तुमच्या शर्टावर आदल्या दिवशी बाकावर सांडलेल्या औषधाचा डाग होता. मी तो डाग बघितला, मला सगळं कळलं, आणि मी पेन काढलं. मग अकरा वर्षं स्वतःला सांगत राहिले की मी दिराच्या शब्दावर विश्वास ठेवला. किती सोयीचं! वर्गातही तेच वाचून दाखवलं, तुमच्या नावावर माझं खपवून.

आज खात्याला पत्र धाडलं. त्यात दोन वाक्यं आहेत. चाचणी झालेली नाही हे मला सही करताना माहीत होतं. ती तातडीनं व्हावी, आणि माझ्या चौकशीसाठी मी हजर आहे. तुमचं तुम्ही लिहायचं. मी तुमच्यासाठी लिहिणार नाही आणि तुमच्या आड लपणारही नाही.

दादांना तुम्ही सांगा, समोर बसून. मी फोनवर सांगितलं तर आधी जिन्याला कळेल.

बढतीचं काय व्हायचं ते होवो. मला आता फक्त ते जबडे पकडतात का, एवढंच कळायला हवंय. जीव टांगणीला लागला आहे. झालं की त्याच दिवशी लिहा.

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

त्याच दिवशी लिहितो आहे.

आधी दादांचं. निळ्या दाराशी बसवून चाचणीचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ ब्रश धूत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या नावावर तुम्ही दोघांनी हे खपवलंत. मी काय सांगितलं होतं का, सही करा म्हणून? मला त्या कागदात कारण म्हणून घालू नका.” मी म्हटलं, वहिनींच्या विद्यापीठातही कारण लिहायचं नसतं. तर म्हणाले, “मग बरं विद्यापीठ आहे.” आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना जिन्यानं चढवल्याचं सांगितलं तेव्हा मात्र बोलले. ते मी लिहीत नाही.

तुमच्या खात्यानं एक नवीन तपासनीस मुलगी पाठवली. तिनं चहा नाकारला, टॉर्च घेतला आणि माझ्याआधी खड्ड्यात उतरली. मी मागून उतरलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पोती भरली, चौदा. सगळ्यांना लांब केलं. केबिन सोडली.

डाव्या जबड्यानं पकडलं. उजव्यानं नाही. तो गंजून जागेवरच बसला होता. केबिन एका अंगावर कलली, दहा-बारा फूट खरवडत खाली आली आणि पहिल्या मजल्यापाशी तिरकी अडकली. एक पोतं फुटलं आणि वाळू दाराच्या फटीतून खाली पडत राहिली. बराच वेळ पडत होती. मी तिथेच जिन्यावर बसलो. त्या मुलीनं सगळं लिहून घेतलं, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “वाचून मग सही करा.”

तुमच्या कार्यालयाचं पत्र घरी आलंय. दादांनी फोडलं. बढती रद्द, सेवापुस्तकात नोंद, अभ्यासक्रम मात्र पुरा करायची परवानगी. माझं मीही खात्याला लिहून दिलं होतं, माझा परवाना वर्षभर बंद. परत हवा असेल तर सहा आठवड्यांचा वर्ग पूर्ण करायचा. कुठे ते तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या बाईंना सांगून ठेवा, पान तयार आहे, फक्त वर्गात माझा पाय हलेल तेव्हा सुईणबाईंना लांब बसवा.

पत्र आज पोस्टात टाकत नाही. पुढच्या चाचणीच्या चार ओळी राहिल्या आहेत.


२८ सप्टेंबर

दोन्ही जबडे नवे बसले. दुसऱ्या कंपनीच्या मेकॅनिकनं बसवले, मी लांबून बघत होतो. पुन्हा चाचणी झाली. पुन्हा तीच मुलगी, पुन्हा चौदा पोती. केबिन दोन बोटंभर घसरली आणि जागच्या जागी थांबली. वाळूचा कण सांडला नाही. तुमच्या बाईंनी विचारलं तर सांगा.

आज सकाळी लिफ्ट लोकांसाठी सुरू झाली. पाटी काढायला मीच गेलो होतो. वळून बघतो तर दादा मागे उभे, हाताला निळा रंग लागलेला. म्हणाले, “चल.” पट्टी बांधलेल्या एक आजी आणि त्यांची सून आमच्याबरोबर आत आल्या, त्या पाचव्यावर उतरल्या. आम्ही सातव्यापर्यंत गेलो. तिथे आमचं काही काम नव्हतं. दादांनी माझा दंड धरला होता तो सोडला नाही, आणि खालीही आम्ही लिफ्टनेच आलो.

आपला,
भाऊजी